सकपाळ काका कालखंड पाडतात

दुसऱ्या कुठल्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तर ‘लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढं लिहून लोक मोकळे होतात. आमच्याकडे तसं जमत नाही. आमच्या नोटिसा सकपाळ काका लिहितात आणि त्या इंग्रजीत असतात. परवा लिफ्टच्या दारावर नोटीस होती: ‘आफ्टर अ ग्लोरियस पीरियड ऑफ सर्व्हिस, द लिफ्ट हॅज एंटर्ड अ टाईम ऑफ रेस्ट.’ म्हणजे वैभवशाली सेवेच्या कालखंडानंतर लिफ्टने विश्रांतीच्या पर्वात प्रवेश केला आहे. चौथ्या मजल्यावर आलेल्या एका पाहुण्यांनी ती अर्धवट वाचली आणि हात जोडून क्षणभर उभे राहिले. त्यांना वाटलं, सोसायटीतलं कुणीतरी वडीलधारं गेलं.

“काका, ‘लिफ्ट बंद’ एवढंच लिहिलं असतं तर?” मी विचारलं.

“म्हणजे आधी चालू होती, हे कोणी सांगायचं?” काका म्हणाले. “लिफ्ट आली तो दिवस आठव. लोक बटण दाबायला रांग लावून उभे होते. ती प्रगती झाली की नाही? मग आज एक वायर जळली म्हणून ती पुसून टाकायची?”

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे वसंत सकपाळ हे असे आहेत. अंगाने किरकोळ, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट, आणि कुठलीही गोष्ट सांगायची झाली की आधी तिचे कालखंड पाडणार. “आधी कालखंड पाडा, मग बोला,” हे त्यांचं पालुपद आहे. कुणी नुसतं “गुडघा दुखतोय” म्हटलं तरी ते विचारतात, “पूर्वार्ध की उत्तरार्ध?” त्यांच्या लेखी गुडघ्यालासुद्धा उदय आणि ऱ्हास असतो.

गंमत म्हणजे काका इंग्रजी बोलत नाहीत. आमच्या मजल्यावरचे नायर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला लागले की काका हिंदीत उत्तर देतात, फारच खोलात गेलं तर म्हणतात, “मैं लिख के देता हूँ.” आणि खरंच लिहून देतात. इंग्रजी ही लिहायची भाषा आहे, बोललं की ती हवेत जाते, असं त्यांचं पक्कं मत आहे. त्यातही ती एकाच कामाची, कुणाची तरी प्रगती नोंदवायची.

“मराठीत प्रगती सांगितली की बढाई वाटते गं, वैशाली,” ते मला समजावतात. “‘आम्ही वर आलो’ असं म्हण, समोरचा लगेच तोंड फिरवतो. तेच इंग्रजीत लिहून काढ. इतिहास होतो.”

हे वेड त्यांना रबाळ्याला लागलं. तिथे एका रंगाच्या कारखान्यात ते कारकून होते आणि मालकांचा वार्षिक अहवाल दरवर्षी त्यांच्याच टाईपरायटरवरून, पुढे कॉम्प्युटरवरून जायचा. अहवालाच्या सुरुवातीला मालकांचं निवेदन असायचं आणि त्यात कंपनी दरवर्षी एका नव्या युगात शिरायची. काकांनी कंपनीला इतक्या युगांत शिरवलं की त्यांना ती भाषा तोंडपाठ झाली. शेवटच्या वर्षीच्या अहवालातही कंपनी ‘ऑन द थ्रेशोल्ड ऑफ अ न्यू एरा’, म्हणजे नव्या युगाच्या उंबरठ्यावर उभी होती. ती तिथेच उभी राहिली आणि मालकांनी बाहेरून कुलूप लावलं. काका ही गोष्ट आम्हाला हसत सांगतात. त्यानंतरची काही वर्षं मात्र ते सांगत नाहीत, एकदम कळंबोलीच्या लोखंड बाजारावर येतात. तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात त्यांना पुन्हा नोकरी लागली आणि तिथूनच ते रिटायर झाले.

रिटायर झाल्यावर त्यांनी गॅलरी बंद करून घेतली, तिथे टेबल टाकलं, लॅपटॉप ठेवला आणि लोकांचे इतिहास लिहायला घेतले. फुकटात. ज्याला कंपनीची माहितीपुस्तिका छापायची आहे, वेबसाईटवर ‘अवर जर्नी’ टाकायचं आहे, मुलीचा बायोडेटा करायचा आहे, तो सकपाळांकडे येतो. सुमन काकू दार उघडतात, पाणी देतात आणि बोटाने गॅलरी दाखवतात. काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. एक तर त्या बोलतात कमी, आणि जे बोलतात त्याला कालखंड नसतो. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या हातची खीर आमच्या अख्ख्या विंगला येते, त्या दिवशी लोक नाश्ता करत नाहीत.

गॅलरीत गेल्यावर येणाऱ्याला काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “तुमचं अंधारयुग कोणतं?”

माणूस गडबडतो. आपण उत्कर्ष सांगायला आलो आणि हा म्हातारा भलतंच काय विचारतो, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पण काका ऐकत नाहीत. अंधार असल्याशिवाय उजेड दिसायचा कसा? आधी डार्क एज, मग डॉन म्हणजे पहाट, मग राईज, मग फ्लॉवरिंग म्हणजे बहर, असा त्यांचा जिना आहे आणि त्यातली एकही पायरी ते गाळू देत नाहीत.

गावठाणातले जनार्दन म्हात्रे टँकर आणि जेसीबीचा धंदा करतात. भला माणूस, गळ्यात जाड चेन, आवाज असा की खालून बोलले तरी टेरेसवर ऐकू येतं. ते कंपनी प्रोफाईल लिहून घ्यायला आले तेव्हा मी योगायोगाने तिथे होते.

“तुमचं अंधारयुग कोणतं?” काकांनी विचारलं.

“आमचे घरान लाईट पयल्यापासून हाय, काका,” म्हात्रे जरा रागानेच म्हणाले.

काकांनी त्यांना शांतपणे समजावलं. म्हात्र्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्यांना आठवलं की पहिला जेसीबी घेतला आणि तो खाडीच्या चिखलात रुतून बसला, पावसाळाभर निघालाच नाही. “रोज जाऊन बगाचो. रोज थोडा खाली जायाचा. माजी आईस बोलाची, तुजा जेसीबी हाय का भाताचा रोप हाय?” काकांचे डोळे चमकले. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘अ पीरियड ऑफ डीप स्टॅग्नेशन’, खोल रुतून बसल्याचा कालखंड. म्हात्र्यांना ते वाक्य एवढं आवडलं की त्यांनी प्रोफाईलच्या पहिल्याच पानावर चिखलातल्या जेसीबीचा फोटो छापला.

आमचे चेअरमन पाटणकर यांच्या मुलीच्या बायोडेट्याची गोष्ट तर सगळ्या सेक्टरला माहीत आहे. मुलगी सीए. पण होता होता बरेचदा नापास झालेली. पाटणकरांना ते झाकायचं होतं, काकांना ते लिहायचं होतं. शेवटी काकांनी लिहिलं, ‘हर रेनेसान्स वॉज प्रिसीडेड बाय अ लाँग मिडल एज’, तिच्या प्रबोधनाआधी एक लांबलचक मध्ययुग होऊन गेलं. पाटणकरांनी न वाचता तो बायोडेटा पाठवून दिला. वाचल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण मुलाकडच्यांचा फोन आला. त्यांचा मुलगाही त्याच मध्ययुगातून आला होता. लग्न झालं, जोडपं छान नांदतंय, आणि पाटणकर अजून काकांवर रागावलेलेच आहेत.

रागाचं खरं कारण दुसरंच आहे. पाटणकरांना त्यांची कारकीर्द सोसायटीचं ‘गोल्डन एज’ म्हणून लिहून हवी आहे. काका देत नाहीत. बाकीची युगं ते सढळ हाताने वाटतात, सुवर्णयुगाच्या बाबतीत मात्र भयंकर चिकट. “असं ज्याला त्याला दिलं तर शेवटी पितळ उरेल,” म्हणतात. पाटणकरांनी इमारतीला रंग काढला होता, म्हणून काकांनी त्यांच्या कारकिर्दीला नाव दिलं, ‘अ पीरियड ऑफ स्टेडी पेंटिंग’. ते सोसायटीच्या अहवालात तसंच छापलं गेलं.

मध्यंतरी म्हात्र्यांच्या धाकट्या भावाने फोनमधल्या कुठल्याशा ॲपकडून आपल्या फर्मचा इतिहास लिहून घेतला आणि काकांना दाखवायला आणला. चहा गार होईपर्यंत काका वाचत होते. “भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे,” त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. मग फोन परत देत म्हणाले, “पण याच्यात कोणी बुडालंच नाही रे. पहिल्या ओळीपासून सगळे पोहतायत. असा इतिहास असतो का?” धाकटे म्हात्रे विचारात पडले आणि दुसऱ्या दिवशी आपलं अंधारयुग घेऊन आले.

तर यंदा आमच्या सोसायटीचं रौप्यमहोत्सवी वर्ष आहे. वार्षिक सभेत मी सहज विचारलं की स्मरणिका काढणार का, आणि सभेने मला संपादक करून टाकलं. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला घरी काही कामच नसतं, यावर सगळ्यांचं एकमत दिसलं. ठरलं असं की प्रत्येक कुटुंबाला एक पान, एका बाजूला फोटो आणि दुसऱ्या बाजूला त्या घराने इथे आल्यापासून काय प्रगती केली ते इंग्रजीत. लिहिणार अर्थातच सकपाळ काका.

ते दोन महिने काकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी काखेत लॅपटॉप मारून ते एकेका घरी जायचे, सोफ्यावर बसायचे आणि अंधारयुग विचारायचे. घराघरांतून काय काय बाहेर आलं! कुणाच्या दुकानाला आग लागली होती, कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणी सहा महिने घरात न सांगता दुसरीच नोकरी करत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सांगितलं की सासूबाई राहायला होत्या तो काळ. शेजारी बायको बसलेली. काकांनी दोघांकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘अ पीरियड ऑफ फॉरेन इन्फ्लुअन्स’. परकीय प्रभावाचा कालखंड. बायकोलाही ते भारदस्त वाटलं. आईला फोनवर वाचून दाखवते म्हणाली.

सगळी पानं माझ्याकडे आली, एक सोडून. सकपाळांचं.

मी आठवण केली, काका म्हणाले, “होईल.” मी पुन्हा आठवण केली, काका म्हणाले, “कालखंड पडत नाहीयेत.” मला हसू आलं. पण तुर्भ्याच्या प्रेसवाल्याचे फोन सुरू झाले आणि पाटणकरांना तर हे पर्वणीसारखंच झालं. “सोमवारी सकाळी फाईल द्यायची आहे, वैशाली मॅडम. पान नसेल तर नसेल. त्या जागी म्हात्र्यांच्या टँकरची जाहिरात लावू.”

मला काही ते पटेना. ज्या माणसाने अख्ख्या बिल्डिंगचा इतिहास लिहिला त्याच्या जागी पाण्याचा टँकर? रविवारी दुपारी मी जेवून तडक त्यांच्याकडे गेले.

काकूंनी दार उघडलं. पाणी दिलं. पण गॅलरीकडे बोट केलं नाही. म्हणाल्या, “बस इथेच.” आणि समोरच्या खुर्चीत बसून लसूण सोलायला लागल्या. गॅलरीत काका पाठमोरे बसले होते. घरात काहीतरी बिनसलं होतं.

“काकू, तुमचं पान राहिलंय.”

“त्यांना विचार.”

“काका, पान?”

“तिला विचार,” काका न वळता म्हणाले.

“मी काय विचारणार, मी संपादक आहे,” मी वैतागून म्हटलं. “पाटणकर तुमच्या जागी टँकर लावतायत!”

तेव्हा काका खुर्ची फिरवून आत आले. लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. पान तयार होतं. सुंदर इंग्रजी, एकेक वाक्य तोलून लिहिलेलं. गावाहून मुंबईत येणं, मग इथे हा ब्लॉक, मुलीचं शिक्षण, तिचं नाशिकला लग्न, सगळं होतं. आणि मध्ये ठळक अक्षरांत शीर्षक होतं, ‘द डार्क एज’. त्याखाली कारखाना बंद पडला ती वर्षं. मी इथे राहायला येण्याआधीची ती वर्षं, त्यांच्याबद्दल काका कधीच बोलत नव्हते, मला ती तिथे पहिल्यांदा कळली. त्यांना कुठेच काम मिळत नव्हतं, तेव्हा काकूंनी घरी पोळ्या लाटून विकायला सुरुवात केली होती. पहाटे उठून सेक्टरभरच्या डब्यांसाठी.

“चांगलं लिहिलंय की,” मी म्हटलं.

“काढा म्हणते ती,” काका म्हणाले.

“काढा म्हणजे काढाच,” काकू लसणावरून नजर न उचलता म्हणाल्या. “मला पण इंग्लिश वाचता येतं. हळू वाचते, पण डार्क म्हणजे काय ते कळतं मला. अख्ख्या बिल्डिंगमधे वाटणार तुमी हे. माज्या पोळ्यांना काळोख बोलणार?”

“अगं पोळ्यांना नाही, काळाला!”

“काळात कोण होतं? मीच होते ना?”

काका माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. “वैशाली, तूच सांग. ही बाई तव्यापुढे उभी राहायची तेव्हा बाहेर उजाडलेलं नसायचं. मनगटापर्यंत चटके. कुणामुळे? मी बिनकामाचा घरी बसलो होतो म्हणून. मी ते डबे सायकलला लावून रबाळ्याच्या रूमवर राहणाऱ्या पोरांना द्यायला जायचो तेव्हा आमच्या कारखान्यातलं कोणी समोरून आलं तर मान फिरवायचो. त्याला मी दुसरं काय नाव देऊ? आणि तेच गाळायचं म्हणते ही. कसं गाळू? तिचे कष्ट आहेत ते. मी दुसऱ्यांची अंधारयुगं घरोघर जाऊन विचारतो आणि आमचंच लपवू?”

इतकी वर्षं जिन्यात भेटणारा, लिफ्टला निरोप देणारा हा गमत्या माणूस एवढं मोठं ओझं घेऊन वावरत होता, याची मला कल्पना नव्हती. मला त्यांची फार कणव आली.

“मी रडले होते का तेवा?” काकूंनी विचारलं.

“तू दाखवत नाहीस.”

“मी? मी दाखवत नाय?” काकूंनी लसणाची ताटली खाली ठेवली. “लग्नाला एवडी वर्षं झाली, तुमाला न दाखवता मी कदी काय केलंय? भाजी खारट झाली तरी मी आदी बोंबलते. रडू आलं असतं तर अख्ख्या सेक्टरला ऐकू गेलं असतं!”

हे खरं होतं. काकू बोलतात कमी, पण खुपलं तर लपवत नाहीत.

मग काकू माझ्याकडे बघून बोलायला लागल्या, आणि एरवी बेताचं बोलणारी ही बाई थांबेना. “तुला सांगते वैशाली, काय मजा होती! शेजारची कांता यायची, समोरची भोईरीण यायची, आपापलं पोळपाट घेऊन. किचन एवडंसं, आमी इथे हॉलमधेच बसायचो. भोईरीण एकेकाची अशी नक्कल करायची, हसून हसून माजी पोळी वाकडी व्हायची. आणि हे. ह्यांना लाटायला दिलं तर नकाशा व्हायचा. मग ह्यांना पंख्याखाली पोळ्या निववायला बसवलं. एकेक पोळी हातात घेऊन वारा घालायचे, जसं काय बाळ झोपवतायत. डबे देऊन आले की उरलेल्या फाटक्या पोळ्यांचा कुस्करा करायची मी, कांदा-मिरची घालून. पोरगी शाळेत गेलेली. आमी दोगं इथे खाली बसून खायचो, चहा प्यायचो. दुपारपर्यंत गप्पा. लग्न झाल्यापासून हा माणूस माज्याशी एवडं बोलला नव्हता! आदी कारखाना, ओव्हरटाईम. रविवारी झोप. तेवा मला पयल्यांदा कळलं, ह्यांना विनोद करता येतो.”

काका उभेच होते. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

“मग हे... तुझ्या मते...” त्यांना शब्द सापडत नव्हता. ज्या माणसाने चिखलात बुडालेल्या जेसीबीला शब्द शोधून दिला त्याला. “तुझ्या मते ते काय होतं?”

“मला काय माहीत. तुमच्याकडे ते सगळ्यात वरचं काय असतं? त्या पाटणकरांना देत नाय तुमी, ते.”

“गोल्डन एज?”

“तेच असेल मग.”

काका सावकाश सोफ्याच्या कडेला टेकले. इतिहासकार मात्र अजून पुरता हरला नव्हता. ते हळूच म्हणाले, “पण सुवर्णयुग असेल तर त्याला शेवट पाहिजे. संपलं कधी?”

“तुमाला कळंबोलीला नोकरी लागली त्या दिवशी,” काकू म्हणाल्या. “पेढे वाटलेत तुमी. मी पण वाटले. सगळे बोलले, सुटलात एकदाचे. मला पण बरंच वाटलं, तुमी खूश होता म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेलात ते पार अंधार पडल्यावर आलात, जेवलात आणि झोपलात. आता रिटायर झालात तर गॅलरीत बसता. लोकांचं लिहिता.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कढीपत्ता संपलाय, हे सांगताना जसा असतो तसा आवाज होता. ताटली उचलून त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज सुरू झाला.

मी लॅपटॉप मांडीवर धरून बसले होते. ‘द डार्क एज’ ही अक्षरं समोर ठळक दिसत होती आणि ती मलाच खटकायला लागली होती. काका जमिनीकडे बघत होते, जिथे एके काळी पोळपाटं मांडली जायची तिथे. इतकी वर्षं ज्या काळाबद्दल ते मनातल्या मनात बायकोची माफी मागत होते, त्या काळात ती बाई सुखात होती, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. घरोघर तो एक प्रश्न घेऊन फिरलेला माणूस स्वतःच्या घरात तो विचारायला धजावला नव्हता.

“आपल्याकडे सगळा क्रमच उलटा निघाला,” ते मला म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवली आणि जरा मोठ्याने, अगदी मनापासून पडलेली शंका विचारावी तसं विचारलं, “अगं, पण माझा काय उपयोग होता तेव्हा? मला तर लाटताही येत नव्हतं!”

“नव्हतंच येत,” आतून आवाज आला. “पण घरी होतात ना.”

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझेही डोळे भरून आले होते. जरा वेळाने ते उठले आणि गॅलरीत गेले. मला वाटलं, लिहायला बसणार. पण त्यांनी आपली खुर्ची उचलली, ती टीपॉयला आपटत, भिंतीला घासत हॉलमधून नेली आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन ठेवली. तिच्यावर बसले.

“हां, बोल,” ते आत बघून म्हणाले. “भोईरीण कुणाची नक्कल करायची?”

मी लॅपटॉप मिटून सोफ्यावर ठेवला, दार ओढून घेतलं आणि जिन्यातूनच पाटणकरांना फोन लावला. म्हटलं, सकपाळांचं पान येतंय, पण प्रेसवाल्याला दोन पानांची जागा ठेवायला सांगा. ते म्हणाले, दोन पानं कुठून आणायची? मी म्हटलं, चेअरमनचं मनोगत थोडं कमी करू.